वाडीतल्या सेप्टिक टाक्यांऐवजी एकत्र सांडपाणी प्रक्रिया: आराखडा कसा करावा?

गडगेकर
दक्षिण कोकणातली एक वाडी. ४६ घरं, बारमाही राहणारी माणसं १९०, गणपतीत ५०० च्या आसपास. हात-दोन हात मातीखाली जांभा. पिण्याला ११ विहिरी आणि एक नळयोजना. शौचालय प्रत्येक घरी आहे. ३८ घरांच्या टाक्या चिऱ्याच्या आहेत आणि बहुतेकांच्या तळाला कोबा नाही. उरलेल्या ८ घरांचे दोन-दोन शोषखड्डे. मोरीचं पाणी माडाला, नाहीतर सरळ पाणंदीत. पावसानंतर विहिरी तपासल्या तर ११ पैकी ७ मध्ये ई. कोलाय (विष्ठेतले जिवाणू).

ग्रामसभेने एकत्र वाहिनी आणि प्रक्रिया केंद्राचा ठराव केला आहे. व्हाळाच्या (ओढ्याच्या) वरच्या अंगाला ५ गुंठे जागा मिळते आहे. तिथून सगळ्यात वरचं घर वाहिनीच्या मार्गाने ६२० मीटर लांब आणि १४ मीटर उंच. ३१ घरं दाटीत, ८ घरं सड्यावर (कातळाच्या पठारावर) सुटी सुटी आणि ७ घरं केंद्राच्या जागेपेक्षाही खाली. एका पुरवठादाराने रोज ५० घनमीटरचा तयार एमबीबीआर संच (विजेवर हवा देऊन सांडपाणी शुद्ध करणारा) सुचवला आहे.

प्रश्न असे: हा संच घ्यावा का? जुन्या टाक्या बुजवायच्या की ठेवायच्या? पैसा कुठल्या खात्यातून येतो? आणि मुळात सुरुवात कुठून करायची?

शाईचा डाग
५० हा आकडा आला कुठून, ते आधी विचारा. बहुतेक त्यांच्याकडे त्या मापाचा संच तयार पडलेला असेल.

उतारकरी
गणित करून टाकू. विहिरीचा पंप आणि नळ दोन्ही आहेत म्हणजे माणशी १०० लिटर धरायला हरकत नाही. (नळयोजनेचा ५५ लिटरचा निकष इथे धरू नका, विहीर असलेल्या घरात तो टिकत नाही.) वापराच्या ८० टक्के सांडपाणी हे नेहमीचं प्रमाण. १९० × ८० लिटर म्हणजे दिवसाला १५ घनमीटर. गणपतीत ५०० × ८० म्हणजे ४०.

म्हणजे वर्षातले साडेअकरा महिने १५ आणि दहा-पंधरा दिवस ४०. आराखड्यातला खरा पेच हा आहे. ५० चा संच पहिला आकडा विसरून काढला आहे, १५ चा काढला असता तर दुसरा विसरला असता.

कागदावर विसंबून राहू नका. आठवडाभर पाच-सहा घरांना पाण्याचे मीटर लावून बघा. मीटरचा खर्च आराखड्यातल्या एका चुकीपुढे काहीच नाही.

खालची वाडी
चाकरमानी इले काय टाकयो भरतत. टाकयेचो दोष नाय, मोदकांचो.

हवा-पाणी
एमबीबीआरबद्दल. त्यात प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणूंचा थर वाढतो आणि ब्लोअर त्यांना चोवीस तास हवा देतो. ५० च्या संचात रोज १५ च घनमीटर पाणी आलं की थर उपाशी राहतो, पातळ होतो. मग गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत भार जवळजवळ तिप्पट होतो. थर जाड व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर अनंत चतुर्दशी झालेली असते. त्या काळात अर्धवट प्रक्रिया झालेलं पाणी व्हाळात जातं, तेही नेमकं सगळी वाडी भरलेली असताना.

दुसरं म्हणजे वीज. पावसाळ्यात झाड पडून फीडर आठ-दहा तास बंद राहणं कोकणात नवीन नाही. ब्लोअर इतका वेळ बंद राहिला तर टाकी सडते, वास सुटतो आणि थर बिघडतो. जनरेटर ठेवता येतो, पण रात्री दोन वाजता तो चालू कोण करणार?

टॉवरवाले
एमबीबीआरला इतकं झोडपू नका. शहरातल्या संकुलांमध्ये जागा नसते, तिथे हाच चालतो, पण चालवायला माणूस, लिफ्टसारखा देखभाल करार आणि दुहेरी ब्लोअर लागतो. इथे ५ गुंठे जागा आहे आणि माणूस नाही, म्हणून तो नको. वस्तू वाईट आहे म्हणून नव्हे.

हवा-पाणी
@टॉवरवाले, मान्य.

बिनविजेचा
मग विजेशिवाय चालणारी साखळी घ्या: स्थिरीकरण टाकी, त्यापुढे आडभिंतींची ऑक्सिजनविरहित टाकी, मग खडीचा गाळणा आणि शेवटी झाडं लावलेला खडीचा वाफा. डीवॅट्स म्हणतात ते हेच. ऑरोव्हिलमध्ये या धर्तीची बरीच केंद्रं आहेत. नागपूरच्या नीरीची फायटोरिड पद्धत आणि आयआयटी मुंबईची मृदा जैवतंत्र पद्धत याही कमी विजेच्या आहेत. त्यांचे परवानाधारक असतात, त्यांच्याकडून दर मागवा.

आडभिंतींच्या टाकीचं माप साधारण असं बसतं. प्रत्येक कप्प्यात पाणी खालून वर चढतं. चढण्याचा वेग तासाला १ मीटरच्या आत हवा, नाहीतर तळाचा गाळ उचलून पुढच्या कप्प्यात जातो. गणपतीतले ४० घनमीटर दिवसाच्या दहा तासांत येतात असं धरलं तर तासाला ४ घनमीटर. दोन समांतर ओळी करा, प्रत्येक कप्पा अडीच मीटर रुंद आणि १ मीटर लांब. दोन्ही ओळी मिळून ५ चौरस मीटर, म्हणजे वेग ०.८. प्रत्येक ओळीत चार कप्पे, पाण्याची खोली १.८ मीटर, म्हणजे एकूण ३६ घनमीटर. एरवी पाणी दोन दिवसांहून जास्त थांबेल, गणपतीत २१-२२ तास. या टाकीतला गाळ उपासमार सहन करतो, हवेवरच्या थरासारखा लगेच मरत नाही, त्यामुळे सणाची गर्दी तिला जास्त मानवते. दोन ओळींचा आणखी एक फायदा म्हणजे एकीचा गाळ काढताना दुसरी चालू राहते. मात्र प्रत्येक ओळीच्या तोंडाला बंद करायची फळी बांधतानाच बसवा. ती बहुतेक ठिकाणी विसरली जाते.

झाडांच्या वाफ्याला माणशी १ चौरस मीटर, म्हणजे २०० चौरस मीटर, दोन गुंठे. खोली ६० सेंमी. तोंडाला आणि शेवटी ४०–६० मिमीची खडी, मधे १०–२० मिमी. खडी धुतलेली हवी. क्रशरची भुकटी तशीच टाकली तर दोन वर्षांत तोंड चोंदतं. वाफा लांबट करू नका, आडवा रुंद करा. २० मीटर रुंद आणि १० मीटर लांब. पाणी जिथून शिरतं ती बाजू जितकी रुंद तितकं चोंदणं उशिरा.

पानथळ
झाडं कुठली? कर्दळ चालते का?

बिनविजेचा
कर्दळ चालते, लवकर पसरते आणि दिसायलाही बरी. वेखंड, पाणकणीस हेही चालतात. पाणकणीस आक्रमक आहे, कर्दळीला दाबतं, म्हणून एकाच वाफ्यात दोन्ही नकोत. पाण्याची पातळी खडीच्या ५–१० सेंमी खाली राहिली पाहिजे. म्हणजे उघडं पाणी नाही, डास नाहीत. वर पाणी दिसायला लागलं की समजावं, तोंड चोंदलं.

सरासरी पाऊस
वाफ्याबाबत कोकणासाठी एक भर. दिवसाला १०० मिमी पाऊस पडला तर २०० चौरस मीटरच्या वाफ्यावर नुसतं आकाशातून २० घनमीटर पाणी पडतं, म्हणजे वाडीच्या रोजच्या सांडपाण्यापेक्षा जास्त. तेवढं वाफा पेलतो, पाणी पातळ होऊन पुढे जातं. पण उतारावरचं पाणी वाहत वाफ्यात शिरलं तर माती येते आणि खडी कायमची भरते. चारही बाजूंनी जमिनीच्या वर निदान ३० सेंमी कठडा आणि वरच्या अंगाला चर हवाच.

जांभा दगड
सगळे केंद्रावर तुटून पडले आहेत. पैसा आणि डोकेदुखी दोन्ही वाहिनीत आहे. जांभ्यात ब्रेकर लावून चर खणायचा म्हणजे मीटरामागे खर्च मातीच्या कितीतरी पट. म्हणून वाहिनी उथळ आणि बारीक कशी ठेवता येईल ते आधी बघा.

नेहमीच्या मलवाहिनीला किमान व्यास १५० मिमी आणि त्याला निदान १७० त १ उतार. ३० मीटरवर मॅनहोल. आत मैला वाहून न्यायचा म्हणून हे सगळं. पण घरची टाकी शाबूत ठेवली आणि तिच्यात घट्ट भाग बसू दिला तर पुढे फक्त निवळलेलं पाणी जातं. त्याला ७५–११० मिमीची नळी पुरते, उतार २०० त १ असला तरी चालतं, आणि मॅनहोलऐवजी वळणावर व जोडावर साफसफाईची तोंडं पुरतात. म्हणजे गडगेकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: टाक्या बुजवू नका, त्या वाहिनीचाच भाग करा.

पण आहेत तशा नाही. बिनकोब्याची चिऱ्याची टाकी दोन्हीकडून गळते. उन्हाळ्यात मैलापाणी बाहेर, पावसात भूजल आत. अशा ३८ टाक्या जोडल्या तर जुलैत केंद्रावर वाडीचं सांडपाणी नव्हे, डोंगराचा झरा येईल.

उतारकरी
+१. टाकी जोडण्याआधी चाचणी सक्तीची करा. टाकी काठोकाठ भरायची, २४ तास भिंतींना पाणी पिऊ द्यायचं, पुन्हा भरायची आणि आणखी २४ तासांनी बघायचं. बोटभर उतरलं तरी नापास. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये घ्यायची, पावसात नव्हे. पावसात बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्या पाण्याला धरून ठेवतो आणि गळकी टाकीही पास होते.

माप: १० माणसांना २ मीटर लांब, ०.९ रुंद, पाण्याची खोली वर्षाने उपसणार असाल तर १ मीटर, दोन वर्षांनी तर १.४. भारतीय मानक २४७० च्या पहिल्या भागात तक्ते आहेत. बाहेर जाण्याच्या तोंडाला टी आकाराचा जोड आणि त्यात ३ मिमी फटींची जाळी. जाळी सहा महिन्यांनी धुवायची. वरची साय वाहिनीत जाऊ न देणारी तीच एक गोष्ट आहे.

नियमावर बोट
दुरुस्तीसाठी गवंडी टाकीत उतरणार असेल तर थांबा. मैला काढून, धुऊन, झाकण काही दिवस उघडं ठेवूनही तळाशी वायू राहू शकतो. मैल्याने भरलेल्या टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या हाताने मैला सफाईबंदी कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० वरून ३० लाखांवर नेली. झाकण लहान असेल, आत हवा खेळवता येत नसेल, तर जुनी टाकी दुरुस्त करू नका. सक्शन गाडीने रिकामी करा, चुना टाका, तळ बाहेरून यंत्राने फोडा, डबर आणि मुरुमाने भरा आणि शेजारी नवी बांधा. ३८ पैकी निदान निम्म्यांचं असंच होईल असं धरून खर्च मांडा.

टॉवरवाले
नव्या टाक्या प्लास्टिकच्या तयार घेतल्या तर?

जांभा दगड
चालतील, पण त्या तरंगतात. विनोद नाही. पावसाळ्यात भूजल वर आलं आणि टाकी रिकामी असली तर जितके घनमीटर तितके टन वर ढकलणारा जोर. दोन घनमीटरच्या टाकीला दोन टन. खाली काँक्रीटचा पाट टाकून पट्ट्यांनी बांधावी लागते. आणि जून ते सप्टेंबर कुठलीच टाकी उपसायची नाही, काँक्रीटचीसुद्धा. उपसलीच तर लगेच पाण्याने भरायची.

सुटसुटीत
सगळ्यांचा उत्साह ओसरला असेल तर एक विरोधी मत. वाहिनी हवीच कशाला? विहिरी बिघडल्या त्या गळक्या टाक्यांनी. टाक्या पक्क्या करा, तीन वर्षांनी ठरवून उपसा, टाकीच्या पुढे छोटा खडीचा गाळणा द्या. साताऱ्याच्या वाईत आणि नाशिकच्या सिन्नरमध्ये ठरावीक काळाने टाक्या उपसण्याची पद्धत नगरपरिषदेनेच चालवली, तीन वर्षांचं चक्र, आणि मैलागाळ प्रक्रियेची केंद्रंही उभी केली. घरमालकाने गाडी बोलवायची वाट बघायची नाही, गाडी दारात येते. वाहिनीशिवाय हे होतं.

जांभा दगड
@सुटसुटीत, अर्धं पटतं. पण टाकीतून निघणारं पाणी टाकी कितीही पक्की असली तरी जंतूंनी भरलेलंच असतं. टाकी घट्ट भाग अडवते, जंतू नाही. ते पाणी शेवटी जमिनीत सोडायचं, आणि जमीन इथे जांभा. मातीत पाणी झिरपताना गाळलं जातं, जांभ्याच्या भेगांत ते नुसतं धावतं. विहिरीपासून १० मीटरचा नियम भुसभुशीत मातीसाठी बरा, भेगांच्या दगडात तो भरवशाचा नाही. दोन शोषखड्ड्यांचं तेच. खड्ड्याच्या तळाखाली निदान २ मीटर कोरडी माती लागते आणि पावसाळ्यात इथे ती नसते. म्हणून ती ८ घरंही सुरक्षित समजू नका.

सुटसुटीत
दाट ३१ घरांसाठी मान्य. पण सड्यावरच्या ८ घरांना वाहिनी नेणं वेडेपणा. मीटर मोजा.

गडगेकर
मोजले. ३१ घरांसाठी मुख्य वाहिनी आणि फाटे मिळून १,०२० मीटर, म्हणजे घरामागे ३३. सड्यासाठी आणखी ५४० मीटर, घरामागे ६७ पेक्षा जास्त, आणि सगळा कातळ.

सुटसुटीत
झालं तर मग. सड्यावरची ८ सोडा. तिथे घरोघर पक्की टाकी आणि पुढे तळ-भिंती बंद असलेला केळीचा किंवा कर्दळीचा वाफा, ठरलेला उपसा. जवळची विहीर पिण्यासाठी बंद करून नळ द्या. आठ घरांसाठी अर्धा किलोमीटर कातळ फोडण्यापेक्षा स्वस्त.

सरासरी पाऊस
कुठली टाकी कुठल्या विहिरीत जाते हे अंदाजाने ठरवू नका, जमिनीचा उतार आणि भेगांची दिशा एकच नसते. टाकीच्या शोषखड्ड्यात पाच-सात बादल्या घट्ट मिठाचं पाणी ओता आणि विहिरीत दर दोन तासांनी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा. आकडा चढला की वाट सापडली. मीटर काही शे रुपयांत मिळतो. ज्या विहिरीवर नळयोजना आहे तिथे ही चाचणी करू नका. नायट्रेटही तपासून घ्या, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिग्रॅपर्यंत चालतं.

मासळीबाजार
अवांतर: मासे धुतलेलं पाणी आणि खवले यांचं काय? मोरीतून सगळं टाकीतच जाणार ना?

बिनविजेचा
अवांतर अजिबात नाही. मोरी जोडताना आधी तेल-तवंगाचं छोटं चेंबर हवं, त्याआधी जाळी. खवले तरंगतात, एकमेकांना चिकटून टी-जोडाच्या तोंडाशी बसतात. तळणीचं तेल थंड वाहिनीत गोठतं, खोबरेल तर लवकरच. चेंबर दोन बादल्यांएवढं, आठवड्याला हाताने साय काढायची. मोरीचं पाणी सोडून फक्त शौचालय जोडलं तर मात्र वाहिनीला पुरेसं पाणीच मिळत नाही, म्हणून दोन्ही जोडा. छपराच्या पागोळ्या आणि अंगणाची गटारं मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. एका घराने पन्हळीची नळी चेंबरमध्ये सोडली की सगळ्या वाडीचं गणित बिघडतं.

खालची वाडी
म्हणजे माशाचा कालवण खावचा, पण खवले मोजून टाकूचे.

उतारकरी
खालच्या ७ घरांसाठी: घरच्या टाक्यांनंतर एक सामाईक खड्डा, त्यात अर्ध्या अश्वशक्तीचा पाणबुडी पंप. निवळलेलंच पाणी असल्याने मैला कातरणारा महाग पंप लागत नाही. ७ घरांत २९ माणसं धरली तर दिवसाला सुमारे २.३ घनमीटर, म्हणून खड्डा ३ घनमीटरचा. एरवी वीज दिवसभर गेली तरी साठतं. पंप दोन घ्या, एक बसवलेला, एक कोरडा कपाटात. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा) जाळीच्या नळीत ठेवा, नाहीतर सायीत अडकतो आणि पंप कोरडा चालून जळतो.

आणखी एक: टाकीतून आलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. ते उंचावरून चेंबरमध्ये पडलं की वायू सुटतो, वास येतो आणि सिमेंट खाल्लं जातं. १४ मीटरचा उतार एकदम उतरवायच्या मोहात चेंबरांत धबधबे करू नका. नळी तळापर्यंत वळवून आणा. तोंडांसाठी प्लास्टिकची चेंबरं घ्या.

गडगेकर
उताराचा मधला ९० मीटरचा टप्पा जवळजवळ सपाट आहे, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं). तिथे काय?

जांभा दगड
गडग्याच्या कडेने, गाड्या जात नाहीत अशा पाणंदीत नळीवर ५० सेंमी माती पुरे, गाडीच्या वाटेखाली ९०. सपाट टप्प्यात २०० त १, म्हणजे ९० मीटरला ४५ सेंमी. पाण्याच्या नळीने पातळी धरून दर ५ मीटरला खुंटी मारा. डोळ्याने धरलेल्या उतारात कुठेतरी पोट पडतंच आणि तिथे गाळ बसतो. नळीखाली १० सेंमी वाळू, जांभ्याचा कोच थेट नळीला लागला की भार पडल्यावर चिरते. जमिनीखालच्या मलवाहिनीसाठी असलेली भारतीय मानक १५३२८ ची नळी मागा, घरातल्या भिंतीवरची पातळ नळी नको. पिण्याच्या वाहिनीपासून ३ मीटर दूर. जमत नसेल तर निदान तिच्या खालून. फणसाजवळून जाताना जोड टाळा, मुळं जोडातच शिरतात.

नियमावर बोट
पैशाबद्दल कोणी बोललं नाही. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्याच्या निकषात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये होते, त्यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून. १९० माणसांचे होतात ५३,२००. यात ब्रेकरचं भाडंही भागणार नाही. शिवाय ते मुख्यतः मोरीच्या पाण्यासाठी. त्यामुळे अख्ख्या ग्रामपंचायतीचा आराखडा एकत्र करा आणि वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायच्या) निधीचा आधार घ्या. पंधराव्या आयोगात (२०२१–२६) बंधित भाग ६० टक्के होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पाण्यासाठी. सध्या कुठलं शीर्ष चालू आहे ते जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षात लेखी विचारा. उरलेलं आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, लोकवर्गणी.

केंद्रातून व्हाळात पाणी सोडायचं म्हणजे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. आधी उभारणीची, मग चालवण्याची. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरमागे ३० मिग्रॅ आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलीमागे १००० च्या आत आहे, पण मंडळ याहून कडक आकडा देऊ शकतं. संमतीपत्रात येणारा आकडा कळल्याशिवाय केंद्राचं माप पक्कं करू नका.

बिनविजेचा
कोलिफॉर्मचा आकडा झाडांच्या वाफ्याने एकट्याने गाठला जाईलच असं नाही. शेवटी क्लोरीनसाठी अर्धा तास पाणी थांबेल असं वळणावळणाचं चेंबर ठेवा. उन्हाळ्यात मात्र व्हाळात सोडायचंच कशाला? माडाला दिवसाला ५० लिटर धरले तर १५,००० लिटरात ३०० माड. जमिनीखालच्या नळीने द्या, उघड्या पाटाने नको. पालेभाजीला अजिबात नाही.

पानथळ
चालू कधी करायचं? गणपतीआधी उद्घाटन असा आग्रह होणारच.

बिनविजेचा
होऊ देऊ नका. जिवाणू जमायला तीन ते सहा महिने लागतात. दिवाळीनंतर खोदाई, जानेवारीपर्यंत टाक्यांचं बांधकाम, फेब्रुवारीत पाणी भरून चाचण्या, मार्चमध्ये एखाद्या चांगल्या चालणाऱ्या टाकीतला गाळ विरजण म्हणून टाकून पहिली दहा घरं जोडायची. दर पंधरवड्याला आणखी पाच-सहा. उन्हाळ्याची ऊब मिळते आणि गणपतीपर्यंत केंद्र बसलेलं असतं. घरोघर सांगा, फिनाइल आणि ॲसिडच्या बाटल्या ओतायच्या नाहीत.

टॉवरवाले
आणि चालवणार कोण? वीज नाही म्हणून माणूस नको असं नव्हे. रोज तासाभराचं काम आहे: तोंडाची जाळी, वाफ्याची पातळी, पंपाचा आवाज, क्लोरीन. महिन्याला आडभिंतींच्या कप्प्यांतला गाळ काठीने मोजणं. गाळ आणि साय मिळून खोलीचा तिसरा हिस्सा झाला की उपसा. ग्रामपंचायत आरोग्य कर आकारू शकते, त्यात हे बसवा आणि पाणीपट्टीबरोबरच वसूल करा. वेगळी पावती काढली की थकबाकी होते. गाळ नेणारी गाडी कुठे रिकामी करणार हेही लेखी हवं. जवळच्या नगरपंचायतीचं मैलागाळ केंद्र घेणार का, किती दराने. नाहीतर ती गाडी रात्री व्हाळाच्या वरच्या अंगाला रिकामी होते.

शाईचा डाग
वाचनखूण साठवली. जाता जाता, पुरवठादाराने आता ३० घनमीटरचा संच सुचवला असेल.

गडगेकर
@शाईचा डाग, २५ चा. सवलतीत.

सगळ्यांचे आभार. आता असं ठरतं आहे: सड्यावरची ८ घरं वेगळी, पक्की टाकी आणि बंद वाफा. ३१ आणि खालची ७ मिळून ३८ घरं वाहिनीवर. माणसं १५७, गणपतीत सुमारे ४१०, म्हणजे दिवसाला साडेबारा आणि ३३ घनमीटर. कप्प्यांची मापं बिनविजेचा यांनी दिली तीच ठेवतो. तासाला ३.३ घनमीटरला वेग ०.६६ येतो. या उन्हाळ्यात फक्त तीन कामं: मीटर, मिठाची चाचणी आणि टाक्यांची भरून चाचणी. त्याच्या निकालावर खर्च मांडून पुढची ग्रामसभा. तोवर विहिरींत ब्लीचिंग पावडर.

सरासरी पाऊस
पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून, निवळ तेवढं विहिरीत, चोथा नाही. तासाने ओटी चाचणीत (थेंब टाकून पाण्याचा रंग बघायचा) क्लोरीन दिसला पाहिजे. गढूळ पाण्यात जास्त लागते. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की महिन्याभरात तिच्यातला दम जातो, म्हणून लहान पाकिटं घ्या.

जांभा दगड
वेग ठीक आहे. एकच जोडा: चर बुजवण्याआधी प्रत्येक जोड, वळण आणि तोंड दोन पक्क्या खुणांपासून मोजून नकाशावर लिहा, घराचा कोपरा आणि विहिरीचा कठडा अशा. झाड किंवा गडगा खूण म्हणून नको. फोटोत टेप दिसला पाहिजे. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक केंद्र चालवणाऱ्याकडे. ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या नकाशावर सही झाल्यावरच.